गिरणी चालू असतानाचं पाणी

प्रिय भोपळ्या,

आधी महत्त्वाचं: बाबा बरे आहेत. ताईचं हाताने लिहिलेलं पत्र आलं म्हणजे काहीतरी विपरीत घडलं असणार, असं तुझ्या मनात येणार हे मला ठाऊक आहे, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलं. गुडघे कुरकुरतात, डाव्या कानाने कमी ऐकू येतं (उजव्यानेही, पण ते सोयीनुसार), बाकी ब्याऐंशीव्या वर्षी माणूस जेवढा ठणठणीत असावा त्यापेक्षा जरा जास्तच आहेत. आणि हो, शेहेचाळीस वर्षांच्या, केस विरळ झालेल्या गृहस्थाला भोपळ्या म्हणू नये हे मला कळतं. पण दुसऱ्या कुठल्या नावाने लिहायला बसले असते तर तिथेच गाडं अडलं असतं.

बाबा माझ्याकडे राहायला आले त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून या घरात एकही कापड इस्त्रीशिवाय राहत नाही. ओटा पुसायच्या फडक्यालासुद्धा चार धारदार घड्या असतात. शर्टाची घडी घालताना कॉलरच्या आत पुठ्ठ्याची पट्टी सरकवतात, जणू संध्याकाळी गिऱ्हाईक न्यायला येणार आहे. परवा शेजारीण तिचा कोट घेऊन आली, बाहीवर डाग होता. बाबांनी तो उजेडात धरला, नखाने खरवडला, वास घेतला आणि डॉक्टरच्या थाटात सांगितलं की बॉलपेनची शाई आहे, तीन दिवसांपूर्वीची. तीनच दिवस झाले होते! बाई थक्क. अर्ध्या तासात डाग गेला. मग तिने सहज विचारलं, तुमचं कपडे धुण्याचं दुकान होतं ना? बाबा "होतं" म्हणाले आणि आत निघून गेले. दुपारी जेवलेही नीट नाहीत.

त्या दुकानाबद्दलच मला लिहायचं आहे. हे वाचून पत्र बाजूला ठेवू नकोस. काय झालं ते तुला माहीत आहे, पण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकून घेतलं नाहीस. म्हणून यावेळी पहिल्यापासून सांगते, मध्येच फोन ठेवायची सोय नाही.

बारा वर्षांपूर्वी गावाच्या विहिरीच्या पाण्यात ते रसायन सापडलं, जे आपल्या दुकानातल्या मशीनमध्ये डाग काढायला वापरलं जायचं. अर्ध्या गावाच्या नळाला त्या विहिरीचं पाणी. विहीर बंद झाली, लोक खवळले, आणि हे आलं कुठून ते शोधायचं काम आमच्या जलविभागाकडे आलं. माझं काम तुला ठाऊक आहेच, तू सगळ्यांना सांगायचास की ताई दिवसभर कॉम्प्युटरमध्ये मुंग्या सोडते. आम्ही त्यांना कण म्हणतो, पण तुझ्या मुंग्याच बऱ्या. जमिनीखालच्या पाण्याचं मॉडेल करायचं, म्हणजे वाळू कुठे, चिकणमाती कुठे, नदी कुठे, पंप कुठे, आणि त्यावरून पाणी कुठल्या दिशेने किती वेगाने सरकतं ते काढायचं. मग त्या पाण्यात मुंग्या सोडायच्या. पाणी नेईल तिकडे त्या जातात आणि मागे रेघ सोडतात. पाणी जाणार कुठे हे बघायचं असेल तर पुढे सोडायच्या; आलं कुठून हे बघायचं असेल तर विहिरीत ठेवून उलट्या पावली चालवायच्या.

मी विहिरीतून उलट्या मुंग्या सोडल्या. त्या नाकासमोर उत्तरेला चालत गेल्या, आणि त्यांच्या रेघा थेट आपल्या दुकानाखालून गेल्या.

तेव्हाच्या साहेबांनी मला बोलावून सांगितलं होतं की हे काम मी दुसऱ्याला देतो, तुझ्यावर हा प्रसंग नको. फार भला माणूस. त्यांचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं, पण मी कसली ऐकते! मला वाटलं, मी बाजूला झाले तर लोक म्हणतील बापाला वाचवायला पळाली. आणि खरं सांगू, त्याहून वाईट एक गोष्ट होती. मला माझ्या सचोटीचा तोरा होता. स्वतःच्या बापाचं दुकान असूनही हिने लपवलं नाही, असं कुणीतरी म्हणावं असं मला आतून वाटत होतं. हे मी आजवर कुणाला बोलले नाही. एकेक आकडा तीनतीनदा तपासला. नंतर मागच्या अंगणातली माती उकरली, तिच्यात त्या रसायनाचा थोडा अंश निघाला, आणि माझ्या मनातली उरलीसुरली शंकाही गेली.

अहवाल सभेत मांडायचा होता त्या सकाळी मी बाबांकडे गेले. त्यांना काय निघालंय ते आदल्या दिवशीच सांगितलं होतं. तू मागे पिनांचे डबे लावत होतास, माझ्याकडे बघितलंही नाहीस. बाबांनी माझ्या अंगावरचा कोट उतरवून घेतला, वाफेच्या इस्त्रीखाली धरला, खांदे नीट केले, परत अंगावर चढवला आणि म्हणाले, सभेत असं चुरगळलेलं जाऊ नये. मी त्यांना विचारलं, बाबा, कधी सांडलं होतं का? एवढंच सांगा. ते काही बोलले नाहीत. सभेतही नाही. अध्यक्षांनी दोनदा विचारलं, तुम्हाला काही म्हणायचं आहे का? बाबा टोपी मांडीवर धरून बसून राहिले. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात एका गिऱ्हाइकाचं एक बटण हरवू दिलं नाही, तो गप्प बसला आहे म्हणजे खरंच असणार, असं मी धरलं. एकदाही मला असं वाटलं नाही की बाबा गप्प आहेत याचं कारण दुसरं काही असू शकेल.

पुढचं तू भोगलं आहेस. दुकानाला टाळं लागलं. ज्यांच्या लग्नाचे कपडे बाबांनी धुतले ती माणसं रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागली. तीन महिन्यांत तू बायको-पोरीला घेऊन निघून गेलास, इतक्या लांब, की नकाशावर बोट ठेवायचं तर हात पूर्ण पसरावा लागतो. आता तू इस्पितळातल्या चादरी आणि पडदे सांभाळतोस असं वहिनीकडून कळतं. दर रविवारी बाबांना फोन करतोस, "बरं आहे ना? बरं, ठेवतो." मी घड्याळ लावून बघितलंय, दोन मिनिटांच्या वर कधी गेला नाही. मी फोन घेतला की लाइन खराब होते. अकरा वर्षं लाइन खराब आहे! मी मनात म्हणायचे, बरोबरच आहे त्याचं, आपल्या हाताने बापाचं दुकान बंद करणाऱ्या बहिणीशी कोण बोलेल. भाचीच्या वाढदिवसाला पार्सल पाठवायचे तेव्हा पाठवणाऱ्याच्या जागी बाबांचं नाव घालायचे, नाहीतर तू परत पाठवशील अशी भीती वाटायची.

आता नवीन काय घडलं ते. नदीकाठची कागद गिरणी तुला आठवते. ती बंद पडून अठरा वर्षं झाली, पण तिच्या पाच खोल विहिरी अजून धड आहेत. गावाला पाणी पुरेना, म्हणून या वर्षी ठरलं की त्या विहिरी पुन्हा चालू करता येतील का बघा. काम माझ्याकडे आलं. मी तेच जुनं मॉडेल काढलं आणि नुसतं बघायचं म्हणून त्या पाचही विहिरींचे पंप पूर्वीच्या जोराने चालू केले.

भोपळ्या, सगळं पाणी वळलं. पडद्यावरचे जे बाण उत्तरेकडून दक्षिणेला, म्हणजे आपल्या दुकानाकडून गावाच्या विहिरीकडे जात होते, ते सगळे पश्चिमेला, गिरणीकडे तोंड करून उभे राहिले. आपल्या दुकानाखालचे तर सगळ्यात आधी. मी पंप बंद करून पुन्हा चालू केले, तरी तेच. आणि हे पुढे काय होईल याचं चित्र नव्हतंच. गिरणी तीस-पस्तीस वर्षं रात्रंदिवस अशीच पाणी ओढत होती. आपण लहानाचे मोठे झालो ते तिच्या पंपांच्या घुमण्यात. पण मी अहवाल केला तेव्हा ती बंद होऊन सात वर्षं झाली होती, म्हणून मी तिचे पंप मॉडेलमध्ये ठेवलेच नव्हते. बंद गिरणी कशाला हवी, इतका साधा विचार. आणि मुंग्यांना मी त्या बंद गिरणीच्या पाण्यातून वीस-पंचवीस वर्षं मागे चालवत नेलं, जेव्हा प्रत्यक्षात पाणी तसं वाहतच नव्हतं.

एकही आकडा चुकला नव्हता. तीनदा तपासलेले ते आकडे आजही बरोबर आहेत. पण मी जुन्या प्रवासाची वाट नव्या पाण्याला विचारली होती. आमच्या धंद्यात शिकाऊ पोरांना पहिल्या वर्षी हे सांगतात. मीच शिकवते ते, दरवर्षी, फळ्यावर चित्र काढून. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, दुसरं काय!

मग गिरणी तिच्या त्या त्या वर्षांत चालू ठेवून मुंग्या पुन्हा उलट्या सोडल्या. आधी त्या उत्तरेला निघाल्या, पहिल्यासारख्याच. गिरणी बंद झाली त्या वर्षापर्यंत मागे पोचल्या, आणि तिथे काटकोनात वळून पूर्वेला गेल्या. आपलं दुकान अर्ध्या किलोमीटरवर तसंच राहिलं. त्या गेल्या बस डेपोच्या कार्यशाळेत, जिथे इंजिनांचे सुटे भाग त्याच रसायनाने उघड्या टाकीत धुवायचे. तिकडे तेव्हा कुणी बघितलंच नव्हतं, कारण माझी रेघ तिकडे जात नव्हती.

मी आठ दिवस कुणाला काही बोलले नाही. घाबरले होते, आणि दुसरी भीतीही होती, की बापासाठी मन खातंय म्हणून आता मी उलट्या बाजूने फसते आहे का. म्हणून नव्या साहेबांना सगळं दाखवलं आणि म्हटलं, माझ्यावर विश्वास ठेवू नका, जमिनीला विचारा. त्यांनी बाहेरच्या दोन माणसांकडून मॉडेल तपासून घेतलं आणि दोन ठिकाणी बोअर मारले. एक, जिथे रेघ वळते तिथे. दुसरा, त्या वळणाच्या पुढे, आपल्या दुकानाकडे जाणाऱ्या सरळ रेषेत. निकाल यायला पाच आठवडे लागले. त्या दिवसांत मी दोनदा मीठ घातलेला चहा बाबांना दिला, त्यांनी तो निमूटपणे प्यायला. निकाल आला. वळणावरच्या पाण्यात रसायन भरपूर. आपल्या रेषेतल्या पाण्यात काही नाही, अगदी स्वच्छ.

गेल्या सोमवारी मी त्याच सभागृहात उभी राहिले आणि माझा अकरा वर्षांपूर्वीचा अहवाल चूक होता, ती चूक माझी होती, दुसऱ्या कुणाची नव्हती, हे वाचून दाखवलं. ठराव झाला, सही-शिक्क्याची प्रत सोबत जोडली आहे. वर्तमानपत्रातही येईल. पण दुकान परत येणार नाही, मशीन भंगारात गेलं, आणि तुझी इथली अकरा वर्षं मी कुठून आणून देऊ? मी मुंग्यांवर विश्वास ठेवला आणि बापावर ठेवला नाही. मला क्षमा कर.

सभेच्या आदल्या दुपारी मी बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं रडतील, किंवा मला बोल लावतील, मी दोन्हीची तयारी ठेवली होती. ते टॉवेलची घडी घालत होते, ती पुरी केली. मग मला म्हणाले, हे सगळं ठीक आहे, पण मग मागच्या अंगणात ओतलेलं गेलं कुठे? मी म्हटलं, बाबा, म्हणजे तुम्ही ओतलं होतं? तर म्हणाले, मी नाही. आणि मग अकरा वर्षांत पहिल्यांदा बोलले. तू एकोणीस वर्षांचा होतास, मशीनच्या तळचा गाळ न्यायला लॉरी आली नव्हती, तुला मॅचला जायची घाई होती. तू पिंप मागच्या भिंतीशी उपडं केलंस. बाबा वरच्या खिडकीत उभे होते. संध्याकाळी त्यांनी स्वतः त्यावर माती ओढली. तू दोन दिवस जेवला नाहीस, म्हणून तुला काही बोलले नाहीत. पोराला कळलंय, आणखी काय सांगायचं, म्हणाले. सभेत त्यांनी "आम्ही सांडलं नाही" म्हटलं असतं तर खोटं झालं असतं, आणि "सांडलं" म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न "कुणी" हा आला असता. त्यांनी तुझा चेहरा बघितला होता. म्हणून ते टोपी धरून बसून राहिले, आणि मी मूर्ख, समजत राहिले की तू माझ्यावर रागावून गेलास.

चूक ती चूकच, त्याबद्दल कान धरायचा हक्क मी थोरली म्हणून राखून ठेवला आहे. पण ऐक. त्याच दुपारी मी जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर उघडला, बाबांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसून घातला. तू पिंप ओतलंस त्या वर्षाच्या पाण्यात, त्या भिंतीखाली, मी शंभर मुंग्या ठेवल्या आणि पुढे सोडल्या. सगळ्या गिरणीकडे गेल्या. सर्वांत रेंगाळलेली साडेसात वर्षांत पोचली, तेव्हाही गिरणी बंद व्हायला दीड वर्ष बाकी होतं. तिथून पंपाने वर, लगद्यात, आणि लगदा वाळवताना वाफेबरोबर उडून गेलं. कुणाच्या नळाला ते आलं नाही, कुणाच्या पोराने ते प्यायलं नाही. बाबांचा माझ्यावर विश्वास कसा बसणार, त्यांनी तीनदा सोडायला लावल्या आणि तिन्ही वेळा बोटाने पडद्यावर मोजल्या. मग चष्मा काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, त्याला कळव. फोनवर नको, फोनवर तो "बरं" म्हणेल आणि ठेवून देईल. लिहून पाठव, म्हणजे विश्वास बसला नाही तर त्याला पुन्हा वाचता येईल. म्हणून हे पत्र. शंभरातली एकही विहिरीकडे गेली नाही, भोपळ्या. एकही नाही.

तुझीच,
ताई